सरकटे मॅडम आणि सरकारचं झुंबर

सरकारने सरकटे मॅडमना फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या धंद्यात भाव आधी सांगतात आणि गप्पा नंतर मारतात. सरकार म्हणजे नक्की कुठलं, दिल्लीचं की मुंबईचं, याचा मी बराच पाठपुरावा केला. दिल्लीवाले म्हणाले, मुंबईला विचारा. मुंबईवाले म्हणाले, योजना दिल्लीची आहे. म्हणून दोघांनाही धरतो. हे सगळं झालं क्वांटम नावाच्या नव्या तंत्रज्ञानापायी. त्यातलं त्या दोघांना मिळून माझ्याइतकंच कळत होतं, आणि मला त्यातलं काही कळत नाही.

माझा साकीनाक्याला गाळा आहे. लेथ, मिलिंग, वेल्डिंग, पडेल ते काम. कणकवलीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या लेथखालचा कीस झाडत होतो. आज लेथ माझे आहेत, आणि त्यासाठी कुठल्याही योजनेने मला एक स्क्रू दिलेला नाही. लोक मला भांडखोर म्हणतात. बरोबर म्हणतात. पण मॅडम आयुष्यात कधी भांडल्या नाहीत, आणि तिथेच सगळी वाट लागली.

डॉ. विशाखा सरकटे घाटकोपरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, सुती साडी आणि पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा गाळ्यावर आल्या तेव्हा मला वाटलं, कसली तरी वर्गणी मागायला आल्यात. त्यांनी माझ्या टेबलावरचे चहाचे ग्लास स्वतःच उचलून बाजूला ठेवले आणि पिशवीतून ड्रॉइंग काढून पसरलं. स्टीलचा डबा हवा होता, कलिंगडाएवढा, सगळ्या बाजूंनी काचेच्या खिडक्या बसतील असा. मी भाव सांगितला. अर्थात चढाच सांगितला, म्हणजे घासाघीस करून खाली आलं की दोघांनाही समाधान. त्या म्हणाल्या, "बरं."

मला राग आला. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. त्याच्या मनात दुसरंच काहीतरी असतं. मॅडमच्या मनात काय होतं ते डबा दिल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आल्या.

"राणे, आत बोट कुणी लावलं?"

"मॅडम, हात न घालता आतून पॉलिश कसं होणार?"

"हातमोजा घालून."

"स्टील आहे ते. श्रीखंड नाही."

"बोटाला तेल असतं. ते आत राहिलं तर महिनाभर त्याची वाफ सुटत राहते, आणि मला आत हवा नकोय. अजिबात नकोय."

हवा अजिबात नको, कारण त्यांना त्या डब्यात एक अणू अधांतरी धरून ठेवायचा होता. एकच. विजेच्या जोरावर त्याला मधोमध तरंगत ठेवायचं आणि लेझरने त्याला नाचवायचं. असे नाचवता येणारे अणू ओळीने उभे केले की म्हणे संगणक होतो, साधा नव्हे, क्वांटमचा. मी विचारलं, बाहेर एवढे अणू फुकट पडलेत, तो एकच कशाला? त्या मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, गर्दीत कुणीच स्वतःसारखं वागत नाही, राणे, अणूसुद्धा.

तो डबा मी पुन्हा धुऊन दिला. त्यानंतर माझ्या गाळ्यात मॅडमचं काम निघालं की त्या प्रत्येकाला म्हणायच्या, "हात दाखवा." शाळा तपासायला आलेल्या दिपोट्यासारख्या. माझे कारागीर, बापई माणसं, ओळीने हात पुढे करून उभी राहायची. प्रयोगशाळेतही तेच. दारातच "हात दाखवा." एकदा कॉलेजच्या संस्थाचालकांनाही त्यांनी हात दाखवायला लावले आणि परत पाठवलं. संस्थाचालक ते विसरले नाहीत.

प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. पूर्वी तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे. एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि मूर्तीपुढे फुलांऐवजी तांब्याच्या गॅस्केट, डब्याचे जोड हवाबंद करायच्या चकत्या. वापरलेल्या, एकदा दाबल्या की पुन्हा उपयोग नसलेल्या. "टाकवत नाहीत," म्हणायच्या. मधोमध माझा डबा, त्याला पंप, भोवती आरसे आणि भिंगं. एसी कायम चालू. लेझर बाहेरून मागवलेला, बाकी निम्म्याहून जास्त गोष्टी साकीनाका, मुलुंड, भांडुप इथल्या गाळ्यांतून जमवलेल्या. कॉलेजच्या पोरापोरींनी त्या वायरींनी जोडल्या होत्या.

अणू सापडला की त्या म्हणायच्या, पाहुणा आला. पहिल्यांदा आला तेव्हा मला भर दुपारी फोन.

"राणे, पाहुणा आलाय. बघायला या."

"कोण पाहुणा? कुठला?"

"तुमच्या घरी आलाय, तुमच्या डब्यात."

गेलो. हात दाखवले. पडद्यावर एक निळसर ठिपका होता. मी म्हटलं, "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी." मग आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मला तो ठिपका आवडला, हे कबूल करतो. माझ्या गाळ्यात आजवर एवढं काम झालं, पण एवढं बारीक गिऱ्हाईक पहिलंच.

आता त्यांचा एक दोष सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मॅडमना सरकार आवडायचं. आडनावच सरकटे, मी चिडवायचो, नावातच निम्मं सरकार आहे तुमच्या. कुठल्याही सरकारी खात्याचा विषय निघाला की त्या "आपलं खातं" म्हणायच्या. मी आयुष्यात एकही खातं आपलं असलेलं पाहिलेलं नाही. एकदा सहज बोलून गेलो, सरकारी काम आणि सहा महिने थांब. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"राणे, मैलकुली म्हणजे काय माहितीय?"

"नाही."

"सरकारी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाला नेमून दिलेला असायचा. खड्डा पडला की त्याने भरायचा. वाशीमकडच्या रस्त्याचा एक तुकडा माझ्या वडिलांचा होता. गावात कुणाची जमीन होती, कुणाची विहीर होती. आमचा रस्ता होता. त्या पगारावर मी शाळेत गेले. मग सरकारी वसतिगृह, मग सरकारी शिष्यवृत्ती. तुमच्या कुठल्या शेठने मला पेन्सिल दिली नाही."

"मागितली असती तर दिली असती."

"मागावी लागली असती ना? तिथे मागावी लागली नाही. तिथे माझा हक्क होता."

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हटलं, ते ठीक आहे, पण या अणूच्या खेळात सरकार कशाला? ज्याला धंदा करायचाय तो करेल.

"कोण करेल? तुम्ही कराल?" त्या म्हणाल्या. "यातून अजून कित्येक वर्षं कुणाला काही सुटणार नाही. शेठ अशा कामाला उभासुद्धा राहत नाही, आणि राहिला तरी बाहेरून तयार यंत्र आणून त्याच्यावर आपलं नाव चिकटवेल. हे सरकारनेच करायचं असतं. रस्ता सरकारने करायचा. मग गाड्या कुणाच्याही धावू देत."

"आणि सरकारने रस्ता केलाच नाही, नुसता फलक लावला तर?"

"तुम्ही फार वाईट विचार करता, राणे."

मग एकदाची ती क्वांटमची योजना जाहीर झाली. मॅडम साकीनाक्यात पेढे घेऊन आल्या, जशी काही त्यांचीच लेक बाळंत झाली होती. माझ्या कारागिरांना एकेक पेढा देऊन सांगत होत्या, बघा, देशाने ठरवलंय. कारागीर पेढा खाऊन हात पुढे करत होते, सवयीने.

त्यांना त्या योजनेतून एकच गोष्ट हवी होती, नवा लेझर. जुना थकत चालला होता. तो बंद पडला की पाहुणा आला तरी दिसणार नाही, आणि दिसला नाही तर काम संपलं. त्यांनी प्रस्ताव पाठवला. आणि एक दिवस खात्याचे देवस्थळी साहेब प्रयोगशाळा बघायला आले.

देवस्थळी पार्ल्याचे. पद विशेष कार्य अधिकारी. कार्य काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, विशेष मात्र होते. गोरे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं साजूक तुपातलं. मी त्या दिवशी पंपाची एक जोडणी बघायला गेलो होतो, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. मॅडमनी त्यांनाही हात दाखवायला लावले. मग पडद्यावरचा ठिपका दाखवला.

"हेच का?" देवस्थळी म्हणाले.

"हेच."

"आणि झुंबर कुठंय?"

"कसलं झुंबर?"

साहेबांनी फोन काढून फोटो दाखवला. परदेशातला कुठला तरी क्वांटम संगणक, वरून खाली लटकणारा, सोनेरी, थराथरांचा, नळ्यानळ्यांचा. खरोखर लग्नाच्या हॉलमध्ये टांगावा असा.

"ती वेगळी जात आहे साहेब," मॅडम म्हणाल्या. "ते लोक थंड करतात, आम्ही रिकामं करतो. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. कुठला आधी पोचेल ते अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून तर दोन्हीकडे काम चालू हवं."

"हो हो, विज्ञान उत्तमच आहे," साहेब म्हणाले. "फक्त तेवढं ऑप्टिक्स सुधारा मॅडम. ऑप्टिक्स फार वीक आहे."

साहेब गेले आणि मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, माणूस काय हुशार आहे! एका नजरेत ओळखलं. डावीकडचे दोन आरसे खरंच जरा हललेत. मग त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर बसून प्रत्येक आरसा आणि प्रत्येक भिंग नव्याने जुळवलं. ठिपका पहिल्यापेक्षा ठळक दिसायला लागला. मॅडमनी खात्याला कळवलं, आपल्या सूचनेप्रमाणे ऑप्टिक्स सुधारलं आहे, कृपया पुन्हा येऊन पाहावं.

हे मला सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "मॅडम, तो आरशांबद्दल नव्हता बोलत. हे दिसायला बरं नाही, फोटोत चांगलं येणार नाही, असं म्हणत होता तो."

त्या आधी चमकल्या. मग हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की टेबलाचा आधार घ्यावा लागला. "अहो, पण ठिपका तर सुधारला ना!" म्हणाल्या. मी नाही हसलो. त्या माणसाला काय हवंय ते मला कळलं होतं. त्याला झुंबर हवं होतं.

आणि त्याने ते मागितलंच. गोरेगावला सरकारचं तंत्रज्ञानाचं प्रदर्शन होतं, मंत्री येणार होते, दालनाच्या मध्यभागी काहीतरी हवं होतं. देवस्थळी माझ्या गाळ्यावर आले, मॅडमना घेऊन. शर्टाला ऑइल लागू नये म्हणून अंग चोरून उभे होते.

"मुलांसाठी एक मॉडेल करायचंय," ते म्हणाले. "ड्रॉइंग मॅडम देतील, घडवणार तुम्ही. एवढं करून द्या मॅडम, मग पुढच्या फेरीत तुमचा प्रस्ताव आलाच म्हणून समजा."

"लेखी द्या साहेब," मी म्हटलं.

"राणे!" मॅडम माझ्यावर खेकसल्या. तेवढ्या एकदाच खेकसल्या. "आपल्याच खात्याला लेखी काय मागायचं?"

मी आयुष्यात हजार सौदे केलेत. त्यातला हा एकच असा पाहिला, ज्यात एका बाजूला माल होता आणि दुसऱ्या बाजूला "समजा". पण गिऱ्हाईक मॅडमचं होतं. मी पितळ मागवलं.

मॉडेल असलं तरी मॅडमनी ते गंभीरपणे घेतलं. कॉलेज सुटलं की रोज गाळ्यावर. कुठला थर वर, कुठला खाली, नळ्या कुठे वळतात, सगळं खऱ्याप्रमाणे. मुलं बघणार आहेत, चूक दाखवायची नाही. देवस्थळींचे फोन येत होते. आत निळे दिवे बसतील का?

"आत अंधार असतो साहेब."

"हो, पण चालू आहे हे लोकांना कळणार कसं?"

"ते चालू नाहीये, साहेब. ते मॉडेल आहे."

"बरोबर, बरोबर. दिव्यांचं आम्ही बघतो."

मग मॅडमनी एक गोष्ट स्वतःहून घातली. झुंबराच्या खाली समोरच्या बाजूला एक सपाट पट्टी होती, तिच्यावर मोठ्या अक्षरांत शब्द कोरायला लावला, प्रतिकृती. मी म्हटलं, कागदावर लिहून चिकटवू. नको, म्हणाल्या, कागद पडतो.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही दोघं दोरीच्या अलीकडे गर्दीत उभे होतो. झुंबर झळकत होतं, आत निळे दिवे लावलेले. त्याच्या खाली समोरच्या बाजूला पाटी बसवली होती, उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, विशेष उपस्थिती कुणाची. चार स्क्रूंनी घट्ट. उद्घाटनाची पाटी लावायला सपाट जागा हवी असते आणि झुंबरावर सपाट जागा एकच होती. मंत्र्यांनी बटण दाबलं, दिवे लुकलुकले, निवेदिका म्हणाली, पूर्णपणे स्वदेशी क्वांटम संगणक. टाळ्या. मागे देवस्थळीही टाळ्या वाजवत होते.

"माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर आहे," मी म्हटलं. "काढू पाटी?"

"सरकारी पाटी आहे, राणे. घाईत बसवली असेल. प्रदर्शन संपलं की हलवतील."

हलवली नाही. फोटो सगळीकडे गेले. कुठल्या तरी अहवालाच्या म्हणे मुखपृष्ठावरही एक आला. स्वदेशी शब्दाला मात्र मी हरकत घेणार नाही. पितळ भांडुपचं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मॅडमच्या प्रस्तावाचा निकाल आला. मी तेव्हा प्रयोगशाळेतच होतो. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. अशा प्रकारचे यंत्र देशात यापूर्वीच विकसित झाले असल्याने, द्विरुक्ती टाळण्यासाठी, प्रस्ताव अमान्य.

तुम्हाला वाटेल त्या रडल्या असतील. त्या खूश झाल्या. "कुणी केलं?" त्यांनी मला विचारलं, जसं काही मला माहीत असणार होतं. "कुठल्या संस्थेने केलं? एवढ्यात? मला बघायला जायचंय, राणे!" ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी फोन लावले, अभिनंदन करायला. सगळ्यांनी सांगितलं, आम्ही नाही केलं. मग त्यांनी देवस्थळींना फोन लावला आणि आवाज मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"साहेब, ते यंत्र आहे कुठे? माझी मुलं घेऊन बघायला जाईन म्हणते."

पलीकडून मग साजूक आवाज आला, "मॅडम, आपलंच की ते. गोरेगावचं."

आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. मी भांडायला, मॅडम समजावून सांगायला.

"साहेब, ते पितळेचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मला माहितीय. तुम्हाला माहितीय. राणेंना तर माहितीच आहे. फाइलला माहीत नाही."

"मग फाइलला सांगा."

"कसं सांगू? ज्याचं उद्घाटन झालं ते यंत्रच नव्हतं, असं मी लिहायचं? वर प्रश्न विचारतील. चौकशी लागेल. चौकशी चालू असेपर्यंत योजना थांबेल. यंदा ज्या मुलांना फेलोशिप मिळाल्यात, त्या अडकतील. त्यात तुमचेही दोन विद्यार्थी आहेत ना? तुम्हाला चालेल?"

मला दाद द्यावी लागेल. मी एवढी वर्षं भाव करतोय, पण समोरच्याचं दुखणं नेमकं कुठे आहे ते इतक्या झटकन मलाही सापडलं नसतं. मी टेबलावर हात आपटला. जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. शिपाई आत आला. देवस्थळी शांतपणे म्हणाले, "राणे, तुम्हाला मॉडेलचं काम देऊन आम्ही लघुउद्योगाला प्रोत्साहनच दिलं." मॅडमनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

जिन्यात मी म्हटलं, "पेपरात देऊ. टीव्हीवाल्यांना बोलावू. मी पितळेचं बिल घेऊन उभा राहतो."

"नको."

"का नको? कोण तो तुमचा? सासरा?"

"योजना बंद पडेल, राणे. एवढ्या वर्षांनी आपल्या देशाने हे काम हातात घेतलंय. वसतिगृहातलं जेवण वाईट आहे म्हणून वसतिगृह बंद करा, असं म्हणायचं का? मी तिथे जेवलेय."

"अहो, मग जेवण वाईट आहे एवढं तरी म्हणा!"

त्या जिना उतरल्या, खाली रिक्षा पाहिली, आणि रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "तुम्ही कुणाला सांगू नका." मी तेव्हा हो म्हटलं. आता सांगतोय. हे वाचून मॅडम चिडतील. चिडू देत. एकदा तरी चिडू देत.

त्यानंतर त्यांनी त्या जुन्या लेझरला कसंबसं चालवलं. इकडून तिकडून सुटे भाग आणले, विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस त्याची सेवा केली. त्या फेलोशिपवाल्या दोघांनी मॅडमच्या आधी आशा सोडली. एक जर्मनीला गेला, एकीने बँकेत नोकरी धरली. मॅडमनी दोघांनाही स्वतः शिफारस लिहून दिली. शेवटी लेझर बंद पडला. दिसत काही नव्हतं, तरी मॅडम पंप चालूच ठेवत. मी म्हटलं, कशाला वीज जाळताय? म्हणाल्या, एकदा हवा आत शिरली की पुन्हा एवढं रिकामं करायला महिने लागतात. उद्या काही मिळालं तर लगेच सुरू करता यायला हवं.

मिळालं. कॉलेजला मिळालं. त्याच योजनेतून क्वांटम जनजागृती केंद्र मंजूर झालं. अणू धरायला योजनेकडे पैसा नव्हता, जागृतीला होता. केंद्रासाठी तळमजल्यावर एसी असलेली खोली हवी होती, आणि अख्ख्या कॉलेजात तशी खोली एकच होती. प्राचार्य बाई मॅडमना म्हणाल्या, "विशाखाताई, तुमच्याच विषयाचं केंद्र येतंय, केवढा मान आहे! उद्घाटनाला तुम्ही चार शब्द बोला." मध्यभागी काय ठेवणार हे विचारायची गरज नव्हती. गोरेगावहून टेम्पो निघाला होता.

मला मॅडमनी डबा उतरवायला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा त्या एकट्याच होत्या. हातमोजे घातलेले, केस बांधलेले. पंप त्यांनी स्वतः बंद केला. त्याचा आवाज हळूहळू खाली येत थांबला. मग त्यांनी बाजूची झडप उघडली. फुस्स करून हवा आत गेली, सायकलच्या चाकातून सुटते तेवढीच. एवढ्या वर्षांचं रिकामपण तेवढ्यात भरलं. त्या झडपेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी पाना घेऊन उभा होतो. 

तेवढ्यात दारात हमाल आले. झुंबर आडवं धरलेलं, गोधडीत गुंडाळलेलं, दाराला अडकत होतं. आत घेता येईना आणि मागेही जाता येईना. हमाल एकमेकांना शिव्या घालायला लागले. मॅडम पुढे झाल्या. दाराचं दुसरं कवाड अडसर काढून उघडलं आणि पाठीने धरून ठेवलं.

"सावकाश," त्या हमालांना म्हणाल्या. "खालच्या नळ्या नाजूक आहेत. आधी वरचा भाग आत घ्या. डावीकडून. हां, आता या."

दार धरून भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या मॅडम, आणि त्यांच्या नाकासमोरून आत जाणारं ते पितळ. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. त्या महिन्यातच त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि भावाकडे वाशीमला गेल्या. फोन केला तर तब्येत विचारतात, धंदा कसा आहे विचारतात. या विषयावर आलो की म्हणतात, "ठेवते राणे, दूध उतू जातंय."

क्वांटममध्ये सरकार हवं की नको, यावर हल्ली मोठमोठी माणसं बोलतात. मी त्यात पडत नाही. मॅडम म्हणायच्या, हवंच, आणि त्या माझ्यापेक्षा शिकलेल्या आहेत. पण सरकार हवं असेल तर त्याला तोंड हवं, नाव हवं, पकडायला कॉलर हवी. माझ्या गाळ्यातून खराब माल गेला तर गिऱ्हाईक माझी कॉलर धरतं. तिथे निकालाखाली नुसतं समिती असं लिहिलेलं आहे. समितीला मी कुठे धरू?

असं यंत्र देशात यापूर्वीच विकसित झालं आहे, हे वाक्य आपोआप उमटलं नाही. कुणीतरी बसून लिहिलं. लिहिताना त्याने गोरेगावला जाऊन त्या झुंबराला एक टिचकी मारली असती, तर पितळ वाजलं असतं. त्याने मारली नाही, किंवा मारली आणि तरी लिहिलं. यातलं कुठलं, ते मला हवंय. देवस्थळी साहेब, तुम्ही लिहिलं असेल तर तुम्ही सांगा. तुम्ही नसेल लिहिलं तर ज्याने लिहिलं त्याचं नाव सांगा. दिल्लीचा असो, मुंबईचा असो, त्याने वाशीमला जावं, मॅडमच्या समोर बसावं आणि ते वाक्य त्यांच्या तोंडावर पुन्हा एकदा वाचून दाखवावं. भाड्याचे पैसे मी देतो. पण जाणार कोण, ते बोला.